रस्ता ज्याचा, नाटकही त्याचेच

दिवाळी सरली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. रस्ता सर्वांचा, नाटक मंडळीचे. पण रस्ता बांधणारानेच नाटकही लावले तर? जिओचे असेच झाले. 5 सप्टेंबर 2016 ला रिलायन्सची ही कंपनी दूरध्वनी व इंटरनेट घेऊन बाजारात उतरली. पहिले काही महिने सारे फुकट. 2023 साली रिलायन्सच्याच जिओसिनेमाने आयपीएलचे सामनेही मोफत दाखविले. (आम्हीही रात्री जागून पाहिले, खोटे कशाला बोला!) फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झाले, आणि सामना थोडा वेळ फुकट, पुढे वर्गणी असा व्यवहार सुरू झाला.

दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून एकच चित्र सर्वांकडे जाई. येथे प्रत्येकाच्या मागणीप्रमाणे निराळा ओघ सुटतो. बोलण्यापेक्षा चित्राला इंटरनेट कितीतरी अधिक लागते, म्हणून पाहणारा वाढला की रस्त्याचाही धंदा वाढतो. शिवाय कोणी काय, किती वेळ पाहिले याची नोंद कंपनीच्या वहीत पडते. ज्याला पाहणारे थोडे, ते मागे सरते. झाडीबोलीला पाहणारे चारच जिल्ह्यांतले. वडशाहून येणाऱ्या मंडळीला मात्र मंडपातले हजार लोक पुरतात.