मातीची साक्ष

माणूस खोटे बोलतो, साक्षीदार फितूर होतो. पण पायाला चिकटलेली माती कोणाची भीड धरीत नाही. गुन्हेतपासाच्या इतिहासातील अशा दोन कथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सन १९०८ मध्ये जर्मनीतील बव्हेरिया राज्यात एका स्त्रीचा खून झाला. संशय एका स्थानिक कामगारावर होता. ‘त्या दिवशी मी माझ्या शेतात होतो,’ असे त्याचे म्हणणे. फ्रँकफुर्टचे रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग पॉप यांनी त्याचे बूट तपासले. ते आदल्याच रात्री त्याच्या पत्नीने साफ केले होते. अर्थात टाचेपुढे साचलेली माती त्याच दिवसाची. पॉप यांनी तिचे थर एकेक करून सोडविले. सर्वांत आत संशयिताच्या घरापुढे आढळणारी हंसांची विष्ठा, त्यावर गवत, मग प्रेत सापडले तेथल्यासारखी तांबड्या वालुकाश्माची माती, आणि सर्वांत वर कोळसा, विटांची भुकटी व सिमेंट. ज्या पडक्या किल्ल्याशी त्याची विजार आणि बंदूक सापडली, तेथली माती अशीच होती. थरांचा क्रम हाच त्याच्या वाटचालीचा क्रम ठरला.

दुसरी कथा ऑस्ट्रियातील, १९५९ सालची. डॅन्यूब नदीच्या प्रवासात एक मनुष्य नाहीसा झाला, प्रेत मिळेना. संशयिताच्या बुटांवरील चिखल व्हिएन्नाचे परागतज्ज्ञ विल्हेल्म क्लाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात स्प्रूस, वाळुंज व आल्डर या वृक्षांच्या परागांबरोबर हिकरी वृक्षाचे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे परागही होते. परागकणाचे बाह्य कवच इतके चिवट असते, की ते गाळात युगानुयुगे टिकते. हे सारे पराग एकत्र सापडतील असा प्रदेश व्हिएन्नाच्या उत्तरेस लहानसाच होता. ते स्थळ समोर मांडताच संशयिताने गुन्हा कबूल केला व प्रेताची जागा दाखविली.

परंतु सारखी माती म्हणजे तीच माती नव्हे. दोन शेजारच्या शेतांची मातीही एकसारखी असू शकते. म्हणूनच पॉप यांनी केवळ खुनाच्या जागेची माती पाहिली नाही. संशयिताने सांगितलेल्या शेताचीही पाहिली. तेथील पॉर्फिरी खडकाचे कण बुटांवर आढळले असते, तर त्याच्या म्हणण्याला आधार मिळाला असता. ते आढळले नाहीत. आरोपीच्या सुटकेची वाटही तितक्याच कसोशीने शोधणे, हे आम्हांस या शास्त्राचे खरे मोठेपण वाटते. मातीला पक्ष नसतो. तपासणाऱ्यालाही तो नसावा.