'शुड हॅव'नंतर कोणतं रूप?

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही इंग्रजीतली 9 मुख्य मोडल क्रियापदं. त्यांच्यापुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं येतं: 'ही कॅन स्विम'. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'कुड एबल टू' चूक आहे. 'कुड' किंवा 'वॉज एबल टू' यांतलं एकच घ्यावं.

खरी अडचण भूतकाळात येते. तिथे आधी मोडल, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप, म्हणजे पास्ट पार्टिसिपल. म्हणून 'शुड हॅव गॉन' बरोबर, 'शुड हॅव वेंट' चूक. कर्ता 'शी' असला तरी इथे 'हॅज' होत नाही, कारण मोडलला मूळ रूपच लागतं. अर्थ मराठीतून चटकन उलगडतात. 'शुड हॅव गॉन' म्हणजे जायला हवं होतं, पण गेला नाही. 'मस्ट हॅव गॉन' म्हणजे गेलाच असणार; 'माइट हॅव गॉन' म्हणजे कदाचित गेलाही असेल. 'जावंच लागलं' यासाठी मात्र 'हॅड टू गो' हवं. तिथे 'मस्ट हॅव गॉन' लिहिलं तर सक्तीऐवजी अंदाज व्यक्त होतो. वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ बदलतो, म्हणून ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

मोडलखेरीज अर्थ बिघडवणारी आणखी एक चूक टाळायची तर आयएनजी-रूपाने वाक्य सुरू करताना कर्ता तपासा. 'घरी जाताना पाऊस लागला' हे मराठीत चालतं. पण 'वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड' म्हटलं की चालणारा पाऊस ठरतो. 'व्हाइल आय वॉज वॉकिंग होम, इट स्टार्टेड टू रेन' असं लिहा.