झिंगणारा प्रत्येक जण पिलेला नसतो. मांजरसुंबा चौकात आधी 'शुगर आहे का' विचारा

मांजरसुंबा (ता. बीड) : धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोदा-केज-अंबाजोगाई रस्ता मांजरसुंब्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे चौकात रात्रंदिवस बाहेरगावचीच माणसं जास्त. एसटीतून उतरलेला म्हातारा, ट्रकचा ड्रायव्हर, दवाखान्यासाठी बीडला निघालेली बाई. यातलं कुणी झोकांड्या खाऊ लागलं, काहीबाही बरळू लागलं, की बघणारे म्हणतात, "पिलाय, जाऊ द्या." पण तो पिलेला नसून त्याची साखर कमी झालेली असू शकते. अशा वेळी तीन-चार चमचे साखर माणसाला शुद्धीवर ठेवते आणि नुसतं दुर्लक्ष त्याचा जीव घेऊ शकतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. म्हणजे भरलेल्या एसटीत एक-दोन तरी शुगरवाले असणारच.

साखर कमी होते म्हणजे काय?

मेंदू मुख्यतः रक्तातल्या साखरेवर चालतो. ही साखर 70 च्या खाली गेली की ती कमी समजतात. 54 च्या खाली गेली की धोका वाढतो. इन्सुलिन घेतलं किंवा गोळी खाल्ली आणि वेळेवर जेवण झालं नाही, हे सगळ्यात नेहमीचं कारण. गाडी लेट झाली, एकादशीचा उपवास धरला, रोजा ठेवला, उपाशीपोटी दारू घेतली, उसाच्या फडात जास्तीचं काम पडलं, तरी असं होतं. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला पायी येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. चालणं रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त आणि गोळी मात्र तेवढीच, असं गणित बिघडतं.

ओळखायचं कसं?

सुरुवातीला दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं, एकदम भूक लागते. मग बोलणं अडखळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडतो, मदत करणाऱ्याचा हातही झटकतो. म्हातारी माणसं कधी नुसतीच गप्प, सुस्त होतात. शेवटी फिट येते किंवा शुद्ध जाते.

दारूचा वास आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. दारूने साखर आणखी खाली जाते, म्हणजे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. "शुगर आहे का? गोळी-इन्सुलिन घेतलं का? जेवलात का?" एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर देता येत नसेल तर चार लोकांसमोर खिसा किंवा पिशवी बघा. गोळ्यांचं पाकीट, इन्सुलिनचं पेन, दवाखान्याची चिठ्ठी सापडू शकते.

शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर

- आधी खाली बसवा. गाडीवर असेल तर चावी काढून घ्या.
- यापैकी एक काहीतरी लगेच द्या : तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून, तेवढीच ग्लुकोज पावडर, गुळाचं पाणी, अर्धा ग्लास उसाचा रस, किंवा साधारण 150 मिली माझा, थम्स अप. 'डाएट' किंवा 'झिरो' लिहिलेली बाटली चालत नाही, तिच्यात साखर नसते.
- पंधरा मिनिटं थांबा. फरक पडला नाही तर तेवढंच पुन्हा द्या. तरीही फरक नसेल तर 108 ला फोन लावा.
- बरं वाटलं की चपाती, भाकरी, बिस्किट असं काहीतरी खाऊ घाला, नाहीतर साखर परत उतरते.

हॉटेलात पटकन पेढा, रबडी किंवा चॉकलेट पुढे केलं जातं. त्यातल्या तुपा-दुधाच्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. गरम चहाही घोट-घोट प्यावा लागतो, त्यात वेळ जातो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्याला साधी साखर आणि गूळही उशिरा लागू पडतो, त्याला शक्यतो ग्लुकोज पावडरच द्या.

"साखर वाढलेली असली तर?" ही शंका सगळ्यांनाच येते. मशीन नसेल तर वाट बघू नका. वाढलेली असली तरी तीन-चार चमच्यांनी लगेच मोठं बिघडत नाही. कमी असली आणि दिली नाही, तर मात्र बिघडतं. खिशात सापडलेलं इन्सुलिन कधीही टोचू नका, त्याने साखर आणखी खाली जाते.

बेशुद्ध असेल किंवा फिट आली असेल तर

तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, चमचाही नाही. ते श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही उपयोग होत नाही. फिट चालू असताना हातपाय दाबून धरू नका, आजूबाजूचे दगड, गाडी बाजूला करा. फिट थांबली की कुशीवर वळवा, श्वास चालू आहे का बघा आणि लगेच 108 लावा. श्वास थांबला तर तसं फोनवर सांगा आणि ते सांगतील तसं छाती दाबणं सुरू करा.

ही सेवा राज्यात 2014 पासून आहे, पैसे लागत नाहीत. फोनवर नुसतं "मांजरसुंबा चौक" म्हणून भागत नाही. बीडची बाजू, चौसाळ्याची बाजू, पाटोदा रोड की केज रोड, आणि जवळचं हॉटेल किंवा पंप सांगा. "शुगरचा पेशंट वाटतोय" हेही सांगा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात.

बरं वाटलं तरी एकटं सोडू नका

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो. साखर चढून काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून अशा माणसाला डॉक्टरला दाखवणंच बरं. बरं वाटल्यावरही किमान पाऊण तास गाडी चालवू देऊ नका आणि त्याच्या घरी फोन करा.

जानेवारी 2022 मध्ये पुणे जिल्ह्यात सहलीच्या बसचा चालक फिट येऊन कोसळला, तेव्हा प्रवासी महिलांपैकी एकीने स्टिअरिंग हाती घेऊन त्याला दवाखान्यात पोहोचवलं. प्रत्येकाला बस चालवता येईलच असं नाही. पण फोन लावणं आणि सोबत थांबणं कुणालाही जमतं. "पोलिसांचं लचांड नको" म्हणूनही अनेक जण मागे सरतात. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला तर 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

शुगर असणाऱ्यांनीही प्रवासात खिशात ग्लुकोजची पुडी आणि एक चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर नाव, घरचा नंबर, चालू गोळ्या आणि 'मला मधुमेह आहे' एवढं लिहावं. चौकातल्या अनोळखी माणसाला तेवढ्यावरून काय करायचं ते कळतं.