जागृतीचा जमाखर्च

कनेटिकटमधल्या एनफील्ड गावात ८ जुलै १७४१ रोजी धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌सने प्रवचनात नरकाच्या आगीवर लोंबकळणारा कोळी उभा केला. श्रोत्यांनी असा आकांत मांडला की त्याला मध्येच थांबावे लागले. पुढच्या पिढ्यांच्या लक्षात राहिला तो हा, आग ओकणारा एडवर्ड्‌स. पण हाच माणूस विशीत असताना कोळी धाग्यावर हवेत कसे तरंगत जातात याचे बारकाईने टिपण करून पाठवत होता. न्यूटन आणि लॉक त्याने मन लावून वाचले होते.

म्हणूनच त्या काळच्या धर्मजागृतीला ‘बुद्धीविरुद्ध भावना’ या साच्यात बसवणे मला पटत नाही. सगळे ज्ञान अनुभवातून येते, हे लॉकचे म्हणणे एडवर्ड्‌सने थेट धर्माला लावले. मध गोड असतो हे तर्काने ठरवणे वेगळे आणि तो जिभेवर ठेवणे वेगळे, असे तो १७३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवचनात सांगतो. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात त्याच्या नॉर्थॅम्प्टन गावात जागृतीची लाट उठली. तिची हकिकत १७३७ मध्ये लंडनला छापली गेली. तीनशेहून अधिक जणांचे मनःपरिवर्तन झाल्याचा त्याचा अंदाज तीत आहे. लाट ओसरू लागली असताना त्याच्या मावशीच्या नवऱ्याने, जोसेफ हॉलीने, गळा चिरून घेतला, हेही त्याने त्यात नोंदवले. स्वतःच्या यशाचा असा जमाखर्च मांडणारे प्रचारक विरळाच.

१७३९-४० मध्ये इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज व्हाइटफील्डने मैदाने भरवली. बेंजामिन फ्रँकलिनचा धर्मावर फारसा भरवसा नव्हता, तरी फिलाडेल्फियात व्हाइटफील्डचा आवाज किती दूर पोहोचतो हे त्याने रस्त्यावर मागे चालत जाऊन पाहिले आणि तीस हजारांहून अधिक लोकांना तो ऐकू जाईल असा हिशेब मांडला. मार्च १७४३ मध्ये न्यू लंडनला जेम्स डेव्हनपोर्टने धर्मग्रंथांचीच होळी पेटवली, तेव्हा मात्र समर्थकही बिचकले. त्याच वर्षी बोस्टनच्या चार्ल्स चॉन्सीने भलाथोरला ग्रंथ लिहून बजावले की भावनांचा लगाम बुद्धीच्याच हाती हवा. एडवर्ड्‌सचे उत्तर १७४६ मध्ये आले. रडणे, थरथरणे, अंग टाकणे यांवरून काहीच सिद्ध होत नाही, अशी बारा लक्षणे त्याने आधी बाजूला काढली. मग खऱ्या श्रद्धेची बारा सांगितली. शेवटची कसोटी आचरणाची!

नॉर्थॅम्प्टनला ही कठोर पारख झेपली नाही. प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यायचे या वादात गावकऱ्यांनी १७५० मध्ये त्याला काढून टाकले. त्याआधीच्या वर्षी त्याने डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याचे चरित्र छापले होते. त्या पुस्तकाने मिशनऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. एडवर्ड्‌सच्या विचारपरंपरेत वाढलेल्या न्यू इंग्लंडच्या मिशन मंडळाने पाठवलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले.

१७५८ च्या आरंभी प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्षपद स्वीकारताच एडवर्ड्‌सने देवीची लस टोचून घेतली. तेव्हाची पद्धत खऱ्या देवीचाच अंश टोचण्याची, म्हणजे धोका होताच. २२ मार्चला तो त्या देवीनेच गेला.