विश्लेषण : नदीकाठच्या सिरोंचात शौचालयाचे पाणी जाते कुठे?

गोदावरीचे पुष्कर २०२७ मध्ये येत आहे. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्करासाठी सिरोंचात भाविकांची मोठी गर्दी झाली होती. अशा वेळी फिरत्या शौचालयांची चर्चा होते. वर्षभर वापरात असलेल्या घरांच्या, आश्रमशाळांच्या, वनविश्रामगृहांच्या सांडपाण्याविषयी मात्र कुणी विचारत नाही. जंगलातल्या वस्तीपर्यंत भुयारी गटार पोहोचणे कठीण. मग पर्याय काय?

नेमकी अडचण कोणती?

सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते. जुलै २०२२ च्या पुरात काठावरच्या गावांना मोठा फटका बसला. मेडीगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याची तक्रारही २०१९ पासूनची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले, पण नदीचा पूर त्यामुळे थांबत नाही. पुरासोबत भूजलही वर चढते आणि शौचालयाच्या खड्ड्याचा तळ पाण्यात जातो. माती जंतू गाळते, पण ती कोरडी असेल तरच. पाण्याने भरलेल्या मातीतून जंतू लांबवर जातात आणि शेजारच्या हातपंपातून तेच पाणी उपसले जाते.

सेप्टिक टँक बांधली की प्रश्न सुटतो?

नाही. हा मोठाच गैरसमज आहे. टाकीत घाण फक्त खाली बसते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू आणि नत्र असतातच, आणि अनेक ठिकाणी ते थेट नालीत सोडलेले दिसते. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. इथून आलापल्लीच सुमारे १०० किलोमीटर. गाडी आणायची तर डिझेल जाळायचे आणि उपसलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. शिवाय टाकीतून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो.

मग दोन खड्ड्यांचे शौचालय?

उंचावरच्या गावांसाठी हाच सर्वांत स्वस्त आणि कमी त्रासाचा मार्ग. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा; पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की मैल्याचे खत होते. ना वीज, ना गाडी. अट एकच : पावसाळ्यातही खड्ड्याचा तळ भूजलापासून किमान दोन मीटर वर हवा. तसे नसेल तर तळ बंद करून भोवती वाळूचा थर द्यावा आणि विहीर-हातपंपापासून किमान १० मीटर अंतर ठेवावे.

दरवर्षी पाणी शिरते तिथे एवढ्यानेही भागत नाही. उत्तर बिहारच्या पूरपट्ट्यात उंच जोत्यावरची कोरडी शौचालये बांधली गेली. त्यात मूत्र वेगळे निघते आणि मैल्यावर राख टाकतात. सवय लागायला वेळ लागतो, हे खरे.

पर्यटन निवासांचे काय?

आल्प्समधल्या काही डोंगरी निवासांतून मैला हेलिकॉप्टरने खाली आणावा लागतो, कारण थंडीत जिवाणूंचे काम मंदावते. आपल्याकडे उलट आहे. सिरोंचाची उष्णता जिवाणूंना मानवते, त्यामुळे डीआरडीओचा बायोडायजेस्टर इथे चालू शकतो. पण सुट्टीत गर्दी आणि एरवी शुकशुकाट असेल तर तो बिघडतो. फिनाइल-ॲसिड ओतले तर जिवाणूच मरतात. त्यातून निघालेले पाणीही कर्दळ, पाणकणीस लावलेल्या खडी-वाळूच्या वाफ्यातून न्यावे लागते. वाफ्याला जागा लागते, वीज नाही. कमलापूरसारख्या ठिकाणी जागेची अडचण नसावी.

आंघोळीचे, भांड्यांचे पाणी?

सांडपाण्यातला मोठा वाटा याचाच. ते मैल्यात मिसळू दिले नाही तर अर्धे काम हलके होते. नांदेड पॅटर्नचा शोषखड्डा किंवा परसबाग यासाठी पुरते. नदीकाठी मात्र परसबागच बरी.

गावाने काय पाहावे?

पूर ओसरल्यावर हातपंपाचे पाणी एचटूएस बाटलीत भरून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात मैला मिसळल्याची शक्यता मोठी; पंप निर्जंतुक करून पुन्हा तपासणी होईपर्यंत ते पिऊ नये.