सुटकेपुरती झुंज

सर्कशीच्या रिंगणात प्रशिक्षक सिंहाच्या दिशेने चालत जातो. सिंह मागे सरकतो. प्रशिक्षक आणखी पुढे, सिंह आणखी मागे. होता होता त्याची पाठ गजांना टेकते. आणखी एक पाऊल पडलं की तोच सिंह माणसावर चाल करून येतो. मध्ये स्टूल असेल तर वळसाही घालत नाही, सरळ त्यावर चढतो. नेमका त्याच क्षणी प्रशिक्षक जरासा मागे हटतो आणि सिंह स्टुलावरच थांबतो! प्रेक्षकांना वाटतं, जनावर हुकूम पाळतंय. पण त्याला भांडण हवंच नव्हतं. हवं होतं अंतर, आणि ते मिळालं.

हे उलगडून सांगितलं स्वित्झर्लंडच्या हायनी हेडिगर यांनी. बर्न, बासेल आणि झुरिक इथली प्राणिसंग्रहालयं त्यांनी सांभाळली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जंगली प्राण्याभोवती दोन अदृश्य कडी असतात. बाहेरच्या कड्यात शत्रू शिरला की प्राणी पळतो. पळायला वाट नसेल आणि शत्रू आतल्या कड्यातही आला, तरच तो तुटून पडतो. प्रशिक्षकाचं सगळं कसब या आतल्या कड्याच्या काठावर उभं असतं. केवढी नाजूक रेषा ही, आणि किती अचूक!

कोंडलेल्या मांजराच्या वाटेला जाऊ नये, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. झुरिकमध्येच शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसमध्ये, बारीक तारा सोडून सौम्य वीज दिली. समोर कुत्रा नाही, कुणी नाही, तरी मांजर पाठीची कमान करून, केस पिंजारून फिस्कारू लागे. जवळच्या माणसावर झेप घेई, नाहीतर पळ काढी. वीज थांबली की शांत. हेस यांना १९४९ साली नोबेल मिळालं. मला यात सर्वांत थक्क करतं ते हे, की झेप आणि पळ दोन्ही एकाच ठिकाणाहून उठतात. जीव वाचवायचा, एवढा एकच आदेश. त्याचं काय करायचं ते समोरची वाट ठरवते.

माणूसही याला अपवाद नाही. २००७ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी काही जणांना स्कॅनरमध्ये झोपवून भूलभुलैयाचा खेळ खेळायला लावला. पडद्यावरचा शिकारी पाठलाग करी आणि त्यानं गाठलं की विजेचा खराखुरा चटका बसे. शिकारी लांब असताना कपाळामागचा, डावपेच आखणारा मेंदू कामात असायचा. तो जवळ आला की सूत्रं मध्यमेंदूतल्या एका पुरातन भागाकडे जायची. थिजणं, पळणं, प्रतिकार करणं, हे सगळं उंदीर-मांजरांतही हाच भाग हाताळतो.

जुन्नरकडे उसात राहणारा बिबट्या चुकून वस्तीत शिरतो, तेव्हा हेच गणित उघड्यावर मांडलं जातं. आरडाओरडा होतो, गच्च्या भरतात, मोबाइल वर येतात, सगळ्या बाजू बंद होतात. मग तो हल्ला करतो आणि आपण त्याला 'पिसाळला' म्हणतो. तो तर उसाकडे जायची फट शोधत असतो! विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी वनविभागाची माणसं शिडी किंवा बाज सोडतात, तेव्हा आधी काठावरची गर्दी हटवतात. वर आलेलं जनावर बहुधा कुणाकडे न बघता उसाकडे धूम ठोकतं.