मोबदल्याचं मैदान

बोईसरला जपान पोचलं ते मोजणीच्या खुंट्यांबरोबर. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर 2017 मध्ये झालं, कर्ज जपानचं, तंत्र जपानचं, आणि पालघर जिल्ह्यात स्थानकं दोन: विरार आणि बोईसर. तेव्हापासून इथल्या चहाच्या टपरीवर 'शिंकानसेन' हा शब्द कुणी अडखळत उच्चारला तरी कुणी हसत नाही. पण या किनाऱ्याचं जपानशी नातं रुळांच्या आधीचं आहे, आणि ते कुणी कागदावर जोडलेलं नाही. ते सापडतं एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या नोकरीच्या पत्त्यात.

चिंचणीच्या किनाऱ्यावर दिवाळीच्या सुमाराला गेलात तर सुरूच्या झाडांमधून वारा येतो आणि वाऱ्याबरोबर वाळत्या बोंबलाचा वास. पाऊस सरलेला असतो. बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील जोडीनं अडकवलेले असतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, शेपट्या खाली. ओलसर बोंबील उन्हात आधी चकाकतो, मग दोन दिवसांनी पिवळट आणि ताठ होतो. तिथून दक्षिणेला, तारापूरच्या खाडीच्या पलीकडे नजर टाकली की अणुऊर्जा केंद्राची धुराडी दिसते. लोक तिला 'प्लांट' म्हणतात, वस्तीला 'कॉलनी'. कुणाचा मुलगा कुठे लागला असं विचारलं तर "प्लांटात" एवढं उत्तर पुरतं.

या केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. कराराला 1964 साल लागलं आणि ऑक्टोबर 1969 मध्ये वीज सुरू झाली, देशातली पहिली अणुवीज. पाणी उकळून त्याच वाफेनं जनित्र फिरवायचं, अशी ती जात. त्यानंतर दीड वर्षानं, मार्च 1971 मध्ये, त्याच कंपनीची त्याच जातीची, पण आकारानं मोठी भट्टी जपानच्या पूर्व किनाऱ्यावर चालू झाली. तिचं नाव फुकुशिमा दाईची, क्रमांक एक. तारापूर आणि फुकुशिमा ही एका घरातली भावंडं म्हणायची तर तारापूर थोरलं. मार्च 2011 मध्ये धाकट्याच्या इमारतीचं छप्पर उडालेलं टीव्हीवर दिसलं तेव्हा थोरल्याच्या गावात कुणी काय विचार केला असेल, हे वेगळं सांगायला नको.

फुकुशिमाच्या त्या किनाऱ्याचं वर्णन वाचताना ओळखीचं वाटतं. ओकुमा आणि फुताबा ही दोन छोटी गावं, एकीकडे शेती, दुसरीकडे मासेमारी, आणि हिवाळ्यात पोरांनी कामाला टोकियोला जायची रीत. तिथला समुद्रकडा सुमारे 35 मीटर उंच होता. भट्टी बसवताना तो कापून 10 मीटरवर आणला. समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी वर खेचणं स्वस्त पडावं, खडकावर पाया मिळावा, हे त्यामागचं हिशेबी कारण. ते पुढे फार महाग पडलं. 2011 च्या त्या लाटेची उंची केंद्रापाशी 14-15 मीटरच्या घरात होती.

मला मात्र गोष्ट सांगायची आहे ती मैदानाची. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी, जिला तिकडे 'टेप्को' म्हणतात, तिला दाईचीला आणखी दोन भट्ट्या जोडायच्या होत्या. त्याच सुमाराला, 1994 मध्ये, कंपनीनं प्रांताला एक देणगी देऊ केली: फुटबॉलचं राष्ट्रीय सराव केंद्र. सुमारे 13 अब्ज येन खर्चून नाराहा आणि हिरोनो या गावांच्या हद्दीवर ते उभं राहिलं आणि 1997 मध्ये उघडलं. नाव 'जे-व्हिलेज'. एका रांगेत हिरवीगार मैदानं, वसतिगृह, भोजनगृह. 2002 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा संघ तिथे तळ ठोकून होता. (एवढी बडदास्त असून पहिल्याच फेरीत गारद झाला, तो भाग सोडा.) भट्टीच्या शेजारच्या लोकांना कंपनी जे देते त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, मोबदला. शाळा, रस्ता, दवाखाना, नोकरी, आणि तिकडे गवताचं मैदान. वीज मात्र त्या गावांना नाही, ती तारांवरून टोकियोला. फुकुशिमाला वीज पुरवणारी कंपनीच वेगळी.

या मैदानावर 2005 पासून एक महिला संघ खेळू लागला. आधी तो वायकेकेचा होता, म्हणजे आपल्या पँटीच्या चेनवर जी तीन अक्षरं असतात त्या कंपनीचा. टेप्कोनं तो घेतला आणि नाव ठेवलं 'मारीझे', समुद्र आणि झुळूक या दोन शब्दांची जोडणी. जपानमध्ये कंपन्यांचे संघ ही जुनी पद्धत. मुली सकाळी कंपनीत नोकरी करत आणि दुपारनंतर सराव. पगार नोकरीचा, खेळ त्यावर वरकड.

आपल्याकडेही हे अगदी असंच होतं. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया यांचे फुटबॉल संघ होते आणि चांगला खेळाडू हा बहुधा कुणाचा तरी कारकून असे. हाजी अली ते कूपरेज या पट्ट्यात त्या मंडळींच्या सह्या अजून काहींच्या जुन्या वह्यांत असतील. त्या परंपरेचं शेवटचं मोठं नाव महिंद्रा युनायटेड, आणि गंमत म्हणजे त्या संघाकडूनही एक जपानी खेळला. अराता इझुमी, जन्म जपानमध्ये, वडील गुजराती, आई जपानी. महिंद्रा 2010 मध्ये बंद झाला. इझुमी त्याआधीच पुण्याच्या पुणे एफसीत गेला होता, 2012 मध्ये त्यानं जपानी पासपोर्ट सोडून भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फेब्रुवारी 2013 मध्ये कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध भारताच्या निळ्या जर्सीत उतरला. पुणे एफसीही पुढे राहिला नाही. कंपनीचं मन उठलं की संघ उठतो.

मारीझेत 2006 मध्ये आलेली एक मुलगी म्हणजे आया सामेशिमा. जन्म जून 1987, तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमियाचा, शिक्षण सेंदाईच्या शाळेत. जागा डाव्या बगलेच्या बचावपटूची. नोकरी फुकुशिमा दाईचीच्या कार्यालयात. म्हणजे रोज सकाळी ती त्याच भट्ट्यांच्या आवारात हजेरी लावत होती. तिच्या आधी, 2005 पासून, कारिना मारुयामा त्याच संघात होती, तीही प्लांटात कामाला. 2008 मध्ये सामेशिमा राष्ट्रीय संघात आली. मैदानावर तिचं काम बिनबोभाट असे. डावीकडून पुढे धावत जायचं, चेंडू दिला की परत आपल्या जागी. अशा खेळाडूचं नाव समालोचक क्वचित घेतो, आणि ती नसली की मात्र लगेच कळतं.

11 मार्च 2011. भूकंप, लाट, आणि भट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रांचा वीजपुरवठा बंद. जपानभरात मृत आणि बेपत्ता मिळून 18,000 हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक लाटेत. केंद्राभोवती 20 किलोमीटरचं वर्तुळ रिकामं करण्यात आलं. फुताबाच्या गावकऱ्यांनी गावाची कचेरीच उचलून सैतामा प्रांतात, काझो शहरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत नेली. गाव म्हणजे माणसं की जमीन, हा प्रश्न तिथे वर्गातल्या फळ्यासमोर अंथरुणं टाकून सोडवावा लागला.

आणि जे-व्हिलेज? ते वर्तुळाच्या अगदी काठावर होतं. म्हणून ते कंपनीचा आणि सैन्याचा तळ झालं. गवतावर खडी आणि लोखंडी पत्रे पडले, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. हेलिकॉप्टर उतरली. स्टेडियमच्या आत कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा बांधल्या. पांढरे संरक्षक कपडे घालून माणसं तिथून बसनं भट्टीकडे जात आणि संध्याकाळी परत येऊन तपासणीतून जात. कंपनीनं मोबदला म्हणून दिलेलं मैदान कंपनीनंच परत वापरायला घेतलं, असंही म्हणता येईल. मारीझेचं कामकाज थांबलं आणि त्याच वर्षी संघ गुंडाळल्यात जमा झाला. खेळाडू पुढे सेंदाईच्या व्हेगाल्टा क्लबाकडे गेल्या.

सामेशिमा त्या उन्हाळ्यात अमेरिकेत बोस्टन ब्रेकर्सकडे गेली आणि जर्मनीत विश्वचषकही खेळली. उपांत्यपूर्व फेरीत जपानसमोर यजमान जर्मनी होता. 9 जुलै, वोल्फ्सबुर्ग. प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी सामन्याआधी मुलींना आपत्तीची दृश्यं दाखवली, असं तेव्हा छापून आलं होतं. निर्धारित वेळ गोलाविना संपली. 108 व्या मिनिटाला गोल झाला तो कारिना मारुयामाचा, एकेकाळी त्याच प्लांटात काम केलेल्या मुलीचा. बदली खेळाडू म्हणून आली होती. आठ दिवसांनी, 17 जुलैला, फ्रँकफर्टमध्ये अमेरिकेविरुद्ध अंतिम सामना. दोनदा पिछाडी, दोनदा बरोबरी. दुसरी बरोबरी होमारे सावानं 117 व्या मिनिटाला साधली. पेनल्टीत 3-1. सामेशिमा डाव्या बगलेवर होती. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकचं रौप्य, 2015 च्या विश्वचषकाचं उपविजेतेपद. मधल्या काळात ती फ्रान्सला माँपेलिएला खेळली, मग सेंदाईच्या व्हेगाल्टाकडे, म्हणजे मारीझेच्या जुन्या मैत्रिणींकडे, मग कोबे आणि ओमिया.

सामेशिमाची कारकीर्द सांगताना लोक बहुधा विश्वचषकापासून सुरुवात करतात. मला त्यापेक्षा तिची सकाळची नोकरी महत्त्वाची वाटते. ती कुणी नायिका नव्हती आणि पीडितही नव्हती. कंपनीचा पगार घेणारी मुलगी होती. तिला खेळता आलं ते त्या भट्टीमुळे आणि तिचं मैदान गेलं तेही त्याच भट्टीमुळे. या दोन्ही गोष्टी एकाच पगारपत्रकावर आहेत. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या घरांत हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कारण इथेही हिशेब तसाच मिसळलेला आहे. तारापूर गाव जुनं. पोर्तुगीजांचा किल्ला, जानेवारी 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पारशी वस्ती जुनी, 'तारापोर' आणि 'तारापोरवाला' ही आडनावं इथलीच. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावात हेच गाव आहे, काचेतले मासे बघायला गेलेल्या किती जणांना ते माहीत होतं? खाडीच्या दोन्ही बाजूंना मांगेला, भंडारी, वाडवळ यांची वस्ती. दांडी, उच्छेळी, नवापूर, घिवली, सगळीकडे डोल जाळ्यांचे होडीवाले.

केंद्राचं नाव तारापूरचं, पण तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी जी दोन गावं उठली ती अक्करपट्टी आणि पोफरण. प्रत्येकी 540 मेगावॉटच्या या भट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये सुरू झाल्या. आपल्या तेव्हाच्या नियमानं भट्टीभोवती 1.6 किलोमीटरच्या आत वस्ती चालत नसे. हजाराहून जास्त कुटुंबं हलवली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. घरं, भूखंड, नोकऱ्या यांच्या याद्या आणि प्रतियाद्या झाल्या. मच्छीमारांची तक्रार सरळ होती: नवी जागा समुद्रापासून दूर. ज्याची होडी ओहोटीला चिखलात बसते आणि भरतीला उठते, त्याला घरातून पाणी दिसावं लागतं. रात्री दोनला उधाण आलं तर तो दिवा लावून घड्याळ बघत नाही, उंबऱ्यातून कानोसा घेतो. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या चांगल्या घरातही हा कानोसा मिळत नसेल तर मोबदल्याच्या तक्त्यात तो कोणत्या रकान्यात लिहायचा? जमिनीला दर असतो, झाडाला दर असतो, माडाला, आंब्याला वेगवेगळा. कानोशाला नसतो.

वीजही फुकुशिमासारखीच. पहिल्या दोन भट्ट्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात वाटली गेली, तारा सरळ बाहेर जातात. वस्तीबंदीच्या त्या 1.6 किलोमीटरच्या पलीकडे 16 किलोमीटरचं वर्तुळ येतं, आणीबाणीच्या आखणीसाठी. त्यात बोईसर स्टेशन, औद्योगिक वसाहत, चिंचणी, सगळंच येतं. स्टेशनबाहेर रिक्षात तीन माणसं बसली की चौथ्याची वाट बघत थांबलेला रिक्षावाला ते वर्तुळ रोज कितीदा ओलांडतो, याची नोंद कोण ठेवणार? नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक थंडीत तंबूंत झोपले. ते ठिकाण या वर्तुळाच्या बाहेरचं, पण हादरा बसल्यावर फोन कुणाला लागतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता डहाणू तालुक्यातल्या वाढवणच्या समुद्रात बंदर होतंय. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला त्याचं भूमिपूजन झालं, खर्च सुमारे 76,000 कोटी. 1991 पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे, मच्छीमारांचा विरोधही नव्वदीच्या दशकापासूनचा. पुन्हा याद्या, पुन्हा शिबिरं, पुन्हा मोबदला. मला त्या शिबिरांमध्ये सगळ्यात बोलकं वाटतं ते माहितीच्या फलकांवरचं चित्र. त्यात नेहमी हिरवळ असते आणि एक मूल चेंडू खेळत असतं.

फुताबाच्या मुख्य रस्त्यावर एक कमान होती. अणुऊर्जा उज्ज्वल भविष्य देईल, अशा अर्थाचं घोषवाक्य तिच्यावर होतं. ते 1988 मध्ये सहावीतल्या एका मुलानं शाळेचा गृहपाठ म्हणून लिहिलं होतं. आपत्तीनंतर, मोठा झाल्यावर, त्याला ते वाक्य सोसवेना. नगरपालिकेनं कमान काढायची ठरवली तेव्हा मात्र ती काढू नका, लोकांना दिसू द्या, असं त्यानंच म्हटलं. ती काढली गेली. फुताबात राहायला परत जाण्याची परवानगी 2022 च्या ऑगस्टअखेर मिळाली, तीही गावाच्या एका भागातच. नाराहाला ती 2015 मध्येच मिळाली होती.

जे-व्हिलेजचं गवत पुन्हा लावलं गेलं. 2018 च्या जुलैत काही मैदानं उघडली, 2019 च्या एप्रिलमध्ये सगळं. टोकियो ऑलिंपिकची ज्योत तिथूनच निघायची ठरली होती, ती कोविडच्या साथीमुळे वर्षभर थांबली. 25 मार्च 2021 ला ती निघाली. पहिल्या टप्प्यात धावल्या त्या 2011 च्या विश्वविजेत्या संघातल्या मुली, सासाकी सोबत होते. त्यांच्या पायाखाली तीच जागा होती जिथे दहा वर्षांपूर्वी ट्रक उभे होते. साथीच्या नियमांमुळे तिथे प्रेक्षकांना बंदी होती.